आजोबांनी युद्धावरून आणलेलं पिस्तूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जुने वाडे पुनर्विकासाला जातात, माळे रिकामे होतात आणि लोखंडी ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी निघतं. त्यानंतर लोक जे प्रश्न पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न दुसऱ्या महायुद्धाचे आहेत. इतिहासाची उत्सुकता कितीही असली तरी पहिले चार प्रश्न गाळून पुढे जाऊ नका.

१. ट्रंकेत आजोबांचं पिस्तूल सापडलं. सगळ्यात आधी काय करू?

हात लावू नका. "अहो, रिकामंच आहे" असं घरातलं कोणी छातीठोकपणे सांगत असलं तरी ते भरलेलं आहे असंच धरून चाला. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, राहू शकते, आणि ऐंशी वर्षं पडून असलेल्या काडतुसाची खात्री कोणी देऊ शकत नाही. स्लाइड (वरचा सरकणारा भाग) ओढून बघणं, तेल सोडणं, गंज घासणं, सगळं टाळा. गंज घासण्याने दुहेरी नुकसान होतं: धातूवरचे उथळ शिक्के पुसले जातात, आणि पुढे त्यांच्यावरूनच माग काढायचा असतो.

खोलीला कुलूप लावा, मुलांना लांब ठेवा. ट्रंकेतल्या बाकीच्या वस्तू विस्कटू नका. चामडी होल्स्टर, जुनं पासबुक, पत्रं, पदकांची डबी, अगदी ते फडकंसुद्धा जपा. मग वकिलाला फोन करा आणि त्यांच्यामार्फत पोलीस ठाण्याला कळवा. पिस्तूल पिशवीत घालून रिक्षाने स्वतः नेऊ नका. पोलिसांना घरी येऊन पंचनामा करून ताब्यात घ्यायला सांगा.

२. लायसन्स कधीच नव्हतं. पोलिसांकडे गेलो तर मलाच आत टाकतील का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि ही भीती अनाठायी नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार विनापरवाना अग्निशस्त्र बाळगणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान २ ते कमाल ५ वर्षं कैद आहे. स्वयंचलित, म्हणजे घोडा दाबून धरला की गोळ्या सुटत राहणारं, प्रतिबंधित हत्यार असेल तर ७ ते १४ वर्षं.

पण 'बाळगणं' म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या निकालात म्हटलं आहे. माळ्यावर काय आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं, तोवरची गोष्ट वेगळी. ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून मात्र ते तुमच्या जाणिवेत आहे. म्हणून "दिवाळीनंतर बघू" हे धोक्याचं. स्वतःहून, लेखी आणि उशीर न लावता कळवलेल्याची बाजू भक्कम असते. कायद्यात आपोआप माफी मिळेल असं कलम नाही, म्हणूनच आधी वकील. अर्जात सापडल्याची तारीख, जागा, कोणासमोर सापडलं आणि कोणाच्या सामानात होतं हे स्पष्ट लिहा. जमा केल्याची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

आजोबांची आठवण आहे, ठेवू दे गुपचूप, असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांचं ऐकू नका. ते पिस्तूल चोरीला गेलं आणि कुठे वापरलं गेलं, तर आजोबांचंच नाव वाईट कारणाने निघेल.

३. आम्ही हिंजवडीला राहतो, ट्रंक जुन्नरच्या घरी आहे. जायचं कुठे?

जिथे हत्यार आहे तिथल्या पोलीस ठाण्यात. लायसन्सचं काम पुणे शहरात पुणे पोलीस आयुक्तांकडे चालतं. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे आणि हिंजवडी त्यात येते. जुन्नर, भोर, पुरंदर अशा ग्रामीण भागात परवाना जिल्हाधिकारी देतात.

४. आजोबांच्या नावावर लायसन्स होतं. ते गेले. आता ते आमच्या नावावर होईल का?

होऊ शकतं. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. परवानाधारक हयात असतानाही, त्यांचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्यांच्याकडे असलं, तर ते वारसाच्या नावे करून देऊ शकतात. बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. आत्यांच्या सह्यांवरून अडलेली प्रकरणं बरीच आहेत, तेव्हा ते आधी उरका. निर्णय होईपर्यंत हत्यार घरात ठेवायचं नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ नुसार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं ठेवता येतात, वारसाने आलेली धरून.

खरी गोम बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या मापात आहे. लष्करी सेवेतली ९ मि.मी. आणि .४५ ची काडतुसं, तसंच .३८० आणि .४५५ ची कडवाली (बुडाशी कड बाहेर आलेली) काडतुसं ज्यात बसतात, ती पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर वेगळ्या, कडक गटात मोडतात. बोलताना याला 'प्रोहिबिटेड बोअर' म्हणतात आणि त्याचा निर्णय दिल्लीत गृह मंत्रालयात होतो. जर्मन ल्यूगर आणि वॉल्थर पी-३८, इंग्रजी एनफील्ड आणि वेबली ही सगळी यात येतात, म्हणजे युद्धावरून आलेल्यांपैकी पुष्कळ.

इटालियन बेरेटा १९३४ मात्र नीट बघून घ्या. तिच्या स्लाइडवर '९ कॉर्तो' असं कोरलेलं असतं. कॉर्तो म्हणजे आखूड. हे काडतूस लष्करी ९ मि.मी.पेक्षा लहान, आणि .३८० च्या कडवाल्या इंग्रजी काडतुसापेक्षाही वेगळं. अर्जात नुसतं '९ मि.मी.' लिहिलं की प्रकरण भलत्याच खिडकीवर जातं. पोलिसांच्या आर्मररकडून (हत्यारांच्या जाणकार कर्मचाऱ्याकडून) बोअर लेखी नोंदवून घ्या.

५. हत्यार जमा केलं तर इतिहास कशावरून शोधणार?

कागदांवरून. पिस्तूल हाताशी असण्याची गरज नाही. पंचनाम्याच्या वेळी पोलिसांच्या परवानगीने फोटो घ्या: डावी बाजू, उजवी बाजू, नळी, दस्त्याचा तळ, दस्त्याच्या फळ्या, मॅगझिनचा बूड. प्रकाश तिरपा पडला की उथळ शिक्के उठून दिसतात. प्रत्येक अक्षर आणि आकडा वहीत जसाच्या तसा उतरवा. कळला नाही तर त्याचं चित्र काढा, अंदाजाने 'सुधारू' नका. आणि हे फोटो सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. विकत घेतो म्हणणारे तिथूनच उगवतात, आणि परवान्याशिवाय विकणं हा आणखी एक गुन्हा.

६. शिक्के आणि आकडे वाचायचे कसे?

देशानुसार सांगतो, कारण प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

इटालियन हत्यारं वाचायला मला सगळ्यात आवडतात. बेरेटावर दोन सालं असतात: एक नेहमीचं, आणि त्याच्या शेजारी रोमन अंकांत मुसोलिनीच्या राजवटीचं. ती गणना ऑक्टोबर १९२२ अखेरपासून सुरू होते. त्यामुळे '१९४१' शेजारी रोमन १९ असेल तर पिस्तूल १९४१ च्या ऑक्टोबर अखेरीच्या आधीचं, आणि रोमन २० असेल तर त्यानंतरचं. एवढ्याशा आकड्याने कधीकधी घरातल्या गोष्टीचा निकाल लागतो (प्रश्न १० पाहा). 'आर.ई.' हा शिक्का म्हणजे शाही भूदल, 'आर.एम.' म्हणजे नौदल.

जर्मन हत्यारांवर कारखान्याचं नाव बहुधा सांकेतिक असतं. 'बीवायएफ' म्हणजे माउझर, 'एसी' म्हणजे वॉल्थर, 'सीवायक्यू' म्हणजे श्प्रेवेर्क. त्याच्याजवळ दोन आकडी साल. गरुड आणि त्याखाली संख्या म्हणजे तपासनिसाचा शिक्का. ल्यूगरच्या लहान भागांवर मुख्य नंबराचे शेवटचे दोन आकडे पुन्हा ठोकलेले असतात. ते जुळत नसतील तर हत्यार कधीतरी खोलून दुसऱ्याचे भाग बसवले आहेत.

जपानी नांबू टाइप १४ वर 'शोवा'चं, म्हणजे सम्राट हिरोहितोच्या कारकिर्दीचं चिन्ह आणि पुढे वर्ष व महिना असतो. वर्षात १९२५ मिळवायचे. '१७.५' म्हणजे मे १९४२.

इंग्रजी एनफील्डवर साल सरळ छापलेलं असतं. तिथे बाण शोधा. रुंद टोकाचा बाण म्हणजे सरकारी मालमत्ता, आणि बाणासोबत 'आय' अक्षर असेल तर हिंदुस्थान सरकारची. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ते हत्यार सरकारने रीतसर विकून टाकलेलं. दुसरा बाण नसेल तर ते शत्रूकडून मिळवलेलं स्मृतिचिन्ह नसून सरकारी हत्यार असण्याची शक्यता मोठी. वकिलाला हे आधीच सांगा. अधिकारी स्वतःच्या पैशानेही वेबली घेत. अशांवर विकणाऱ्या दुकानाचं नाव असतं, उदाहरणार्थ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स, ज्यांचं दुकान मुंबईतही होतं.

७. नंबर आहे. त्यावरून ते कोणत्या जर्मन किंवा जपानी अधिकाऱ्याचं होतं हे कळेल?

नाही. नंबरावरून साधारण कधी आणि कुठे बनलं ते ठरतं, कोणाच्या कमरेला होतं ते नाही. अपवाद अमेरिकन बनावटीचा. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनच्या जुन्या नोंदींवरून शुल्क भरून पत्र मिळतं आणि त्यात रिव्हॉल्व्हर कारखान्यातून कधी आणि कुठे रवाना झालं ते लिहिलेलं असतं. युद्धात पुष्कळ स्मिथ अँड वेसन इंग्रजी सैन्याला पुरवली गेली, त्यामुळे आपल्याकडे ती निघणं नवल नाही. पण तिथेही मालकाचं नाव अपेक्षू नका.

८. आजोबा 'मराठा पलटणीत' होते एवढंच माहीत आहे. पुढे कसं जायचं?

खरं काम इथे आहे. पिस्तुलाचा इतिहास म्हणजे आजोबांच्या नोकरीचा इतिहास: ते कोणत्या महिन्यात कुठे होते हे कळलं की निम्मं कोडं सुटतं.

आधी घरातली कागदपत्रं. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक, पे-बुक. त्यातून तीन गोष्टी हव्यात: रेजिमेंटल नंबर, हुद्दा आणि बटालियन. '३/५ मराठा' असं लिहिलेलं असेल तर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. हा पहिला आकडा फार महत्त्वाचा, कारण एकाच रेजिमेंटच्या बटालियन वेगवेगळ्या खंडांत लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती लढाई जुलै १९४४ मधली, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यातली, आणि ते तिसऱ्या बटालियनचे. त्याच वर्षी मार्चमध्ये चौथी बटालियन मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी झुंजत होती. दोन्ही बटालियनमधल्या जवानांचे नातू आज "आजोबा मराठा पलटणीत होते" असंच सांगतील.

मग अभिलेख कार्यालय. जवान आणि जेसीओंच्या (सुभेदार, जमादार अशा ज्युनियर कमिशन्ड अधिकाऱ्यांच्या) नोंदी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात: मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावला, महार रेजिमेंटच्या सागरला, तोफखान्याच्या नाशिक रोडला, आणि बॉम्बे सॅपर्सच्या इथेच खडकीला. नात्याचा पुरावा जोडून पत्र लिहा. नंबर नसेल तर पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव आणि तालुका द्या. गावाचं नाव त्या काळच्या स्पेलिंगने आणि तालुका त्या काळच्या हद्दीप्रमाणे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पत्र कोणाला लिहायचं ते सांगतं.

बटालियन कळली की वॉर डायरी शोधा. रोज युनिट कुठे होतं, किती कैदी पकडले, काय हाती लागलं, हे अधिकारी त्यात लिहीत. लंडनच्या क्यू भागातल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ १६९ हा गट मध्यपूर्वेचा, १७० इटलीचा आणि १७२ आग्नेय आशियाचा. शौर्यपदकांच्या शिफारशी डब्ल्यूओ ३७३ मध्ये आहेत आणि नावाने शोधता येतात. भारतात संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आणि दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, ज्याचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल घरबसल्या चाळता येतं. आजोबा कमिशन्ड अधिकारी असतील तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या लष्करी नोंदीही बघा.

पेशवे दफ्तरात काही सापडेल का, असंही लोक विचारतात. नाही. तिथे पेशवाई आणि त्यानंतरच्या महसुली कारभाराचे कागद आहेत, महायुद्धातल्या शिपायांचे नाहीत.

९. कागद नाहीत, फक्त पदकं आहेत.

मग तुम्ही नशीबवान आहात. पदकाची कड किंवा ताऱ्याची मागची बाजू भिंगाखाली धरा. हिंदी सैन्यातल्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट बऱ्याचदा ठोकलेलं असतं. आफ्रिका स्टार जून १९४० ते मे १९४३, इटली स्टार जून १९४३ ते मे १९४५, बर्मा स्टार डिसेंबर १९४१ ते सप्टेंबर १९४५ या काळातल्या सेवेचा. घरात फक्त बर्मा स्टार असेल आणि पिस्तूल बेरेटा, तर ते आजोबांनी स्वतः मिळवलेलं नसावं. ब्रासो लावून पदकं चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात.

१०. "जर्मन कर्नलने शरण येताना स्वतः आजोबांच्या हातात दिलं," असं घरात सांगतात. खरं मानायचं का?

आधी साल तपासा. पिस्तुलावरचं साल इतकंच सांगतं की त्याआधी ते अस्तित्वात नव्हतं. एरिट्रियातल्या केरेनची लढाई फेब्रुवारी-मार्च १९४१ ची. बेरेटावर १९४२ असेल तर ती केरेनहून येऊच शकत नाही. उलट, १९३८ ची बेरेटा १९४४ साली इटलीत हाती लागणं सहज शक्य आहे.

मग शरणागती कोणाची होती ते बघा. डिसेंबर १९४० मध्ये इजिप्तमधल्या सिदी बरानीला आणि मे १९४१ मध्ये इथिओपियातल्या अंबा अलागीला हजारो इटालियन शरण आले. तिथे हत्यारांचे ढीग पडले होते, कोणी कोणाच्या हातात समारंभाने द्यायची गरज नव्हती. पकडलेली हत्यारं वर जमा करायची असा नियम, तरी पुष्कळ पिस्तुलं बोचक्यांतून घरी आली. सैनिक आपसात अदलाबदल करत, विकत घेत. त्यामुळे 'मिळालं' आणि 'जिंकलं' यात फरक असू शकतो.

तरी घरातली गोष्ट खोटी म्हणून फेकून देऊ नका. सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे बसा, त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, कोणाकडून ऐकलं आणि कधी तेही विचारा. कर्नल गळून पडेल, पण एखाद्या नदीचं किंवा गावाचं नाव खरं निघेल, आणि वॉर डायरीत तेवढंच हवं असतं. पुराव्याने ठरलेली आणि ऐकीव माहिती वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

११. आजोबा इटलीत लढले, पण पिस्तूल जपानी आहे. हे कसं?

मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे होते का ते बघा. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला ती हीच १/५ मराठा. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये हीच बटालियन थिमय्या (पुढे भारताचे लष्करप्रमुख) यांच्या २६८ व्या ब्रिगेडमधून, हरलेल्या जपानचा ताबा सांभाळणाऱ्या दोस्तांच्या फौजेत, जपानला गेली. अशा माणसाकडे जपानी पिस्तूल असणं मुळीच विचित्र नाही.

१२. आजोबा लिबियातल्या तोब्रुकला कैद झाले होते. कैद्याकडे पिस्तूल कसं येईल?

२/५ मराठा जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा तिथे होती. कैद्यांना इटलीतल्या छावण्यांत नेलं. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीच्या युद्धबंदीची घोषणा झाल्यावर छावण्यांची शिस्त मोडली, आणि बरेच जण डोंगरांत पळाले किंवा स्वित्झर्लंडच्या दिशेने गेले. त्या पळापळीत हत्यार हाती लागणं शक्य आहे, पण पुरावा मागा. युद्धकैद्यांच्या नोंदींसाठी रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या जिनिव्हातल्या अभिलेखागाराला लिहा. त्यांचे अर्ज ठरावीक काळातच उघडतात, तेव्हा लक्ष ठेवा.

१३. ल्यूगर आहे, पण मामाआजोबा १९५५ ला भरती झाले. महायुद्धाचा संबंधच नाही!

ते डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात होते का विचारा. पोर्तुगालने आपल्या सैन्यासाठी माउझरकडून ल्यूगर घेतल्या होत्या, १९४३ मध्येही. ल्यूगर म्हणजे हिटलरच्या सैन्याचीच हे गृहीत धरलं की शोध चुकीच्या खंडात जातो. लायसन्सचे नियम तेच, प्रश्न २ आणि ४.

१४. पूर्ण गंजलंय, घोडा हलत नाही. शिवाय आता 'अँटिक' झालं ना? मग लायसन्स कशाला?

शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये सूट आहे: जुन्या पद्धतीचं, पुरातन मूल्याचं किंवा मोडकं हत्यार, पण दुरुस्ती करून किंवा न करताही जे अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नाही असंच. 'दुरुस्ती करूनही' हे शब्द कळीचे. गंज काढून, स्प्रिंग बदलून ते चालणार असेल तर सूट नाही. हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही, आर्मररची तपासणी लागते.

शंभर वर्षांची गोष्ट दुसऱ्या कायद्यातली. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू व्हायला साधारण १०० वर्षं लागतात. दुसऱ्या महायुद्धात बनलेलं पिस्तूल अजून तिथे पोचलेलं नाही. पणजोबांची १९१५ ची वेबली शंभरी ओलांडून गेली, तरी शस्त्र कायद्यातून ती सुटत नाही.

१५. घरात ठेवायचं नाही, पण भंगारात जाऊ नये असं वाटतं. संग्रहालयाला देता येईल?

प्रयत्न जरूर करा. बेळगाव आणि खडकीच्या लष्करी केंद्रांची स्वतःची संग्रहालयं आहेत. आधी संग्रहालयाचं लेखी संमतिपत्र घ्या, मग ते जोडून परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करा. हत्यार पोलिसांच्या ताब्यातूनच पुढे जाईल. पिस्तूल नष्ट होण्याआधी हे व्हावं लागतं, म्हणून जमा करतानाच अर्जात तसा मनोदय लिहून ठेवा. आजोबांच्या नोंदींची प्रत आणि फोटोही द्या. नाव-गाव नसलेल्या पिस्तुलाकडे तिथे कोणी दोन मिनिटंही थांबत नाही.

१६. वेबलीसारखं दिसतं, पण शिक्क्यात स्पेलिंग चुकलंय आणि एक अक्षर उलटं आहे. असं कसं?

ते बहुधा इंग्लंडमध्ये बनलेलंच नाही. वायव्य सरहद्दीवर, खैबरच्या परिसरात आणि दर्रा आदमखेल गावातल्या लोहारांच्या दुकानांत, इंग्रजी हत्यारांच्या हुबेहूब नकला हाताने बनत. अक्षरं न वाचता, नुसती बघून कोरलेली असल्यामुळे 'एन' उलटा पडतो, मुकुट वाकडा होतो, साल आणि मॉडेल एकमेकांशी जुळत नाहीत. आजोबा महायुद्धाआधी सरहद्दीवर तैनात असतील तर हा मोलाचा धागा आहे, तो नोकरीच्या नोंदीत शोधा (प्रश्न ८). या नकलांचं पोलाद आणि जोडकाम भरवशाचं नसतं, त्यामुळे आर्मररखेरीज कोणीही ते उघडू नये. अर्जात 'वेबली' न लिहिता 'वेबली पद्धतीचं, कारखाना अज्ञात' असं लिहा. नक्कल असली तरी कायद्याने ते अग्निशस्त्रच आहे, तेव्हा प्रश्न २ इथेही लागू.